मागचं लावलंय ना?

पाण्याखाली जाणाऱ्या माणसानं आपली हवेची टाकी स्वतः जोडावी की दुसऱ्याकडून जोडून घ्यावी, या प्रश्नावर काचीगुड्यात माझ्याइतका विचार आजवर कोणी केला नसेल. काचीगुड्याला समुद्र कुठाय, असं कोणी म्हणेल. पण शांतपणे विचार करायला समुद्र नसलेलं गावच बरं. समुद्रकाठची माणसं सरळ पाण्यात उडी मारतात आणि विषय तिथंच संपतो.

हा विषय आमच्या घरात आणला तो उषानं. उषा म्हणजे माझी बायको. ती शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि दरवर्षी नववीच्या फळ्यावर रंगीत खडूंनी प्रवाळ काढते. गुलाबी फांद्या, त्यांना पिवळी टोकं, मधून एक मासा. शेजारच्या वर्गातले मास्तरसुद्धा ते बघायला येतात. एकदा एका मुलीनं विचारलं, "टीचर, तुम्ही खरं पाहिलंय हे?" उषा नाही म्हणाली आणि त्या दिवशी घरी येऊन जेवताना काही बोलली नाही. तेव्हापासून खरं प्रवाळ एकदा डोळ्यांनी बघायचं, हे तिनं मनात धरलं होतं.

ते दिवस उदारीकरणाचे होते. रोज काहीतरी नवं खुलं होत होतं. गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या, अबिड्सच्या दुकानांत परदेशी चॉकलेटं उघडपणे मिळत होती, आणि सिकंदराबादच्या एका हॉटेलातल्या पोहण्याच्या तलावात कमांडर राघवुलू नावाच्या निवृत्त नौदल अधिकाऱ्यानं स्कूबाचा वर्ग काढला होता. वर्गाच्या शेवटी परीक्षा, आणि पास होणाऱ्यांना डिसेंबरात लक्षद्वीपला नेऊन खऱ्या समुद्रात उतरवणार. अट एकच होती. पाण्याखाली जायचं ते जोडीनं, आणि जोडीतला एक नापास झाला की दुसऱ्यानंही किनाऱ्यावर बसायचं. उषानं ही अट मला दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्या वेळी चष्म्यावरून माझ्याकडे बघत वाचली.

पहिल्याच दिवशी कमांडरनं आम्हाला तलावाच्या काठावर उभं केलं. छातीचं पिंप आणि मिश्या अशा, की पाण्यातही ओल्या होत नसाव्यात.

"देखो, दो टाइप के लोगां आते," तो म्हणाला. "एक, जिनका सामान हमारा स्टाफ जोड के देता. दो, जो अपना सामान खुद जोडते. मेरे को दोनों चलते. लेकिन पानी में जाने से पहले पार्टनर का चेक होना. वो कंपल्सरी."

"आपण स्टाफकडून जोडून घेऊ," उषा माझ्या कानात म्हणाली. "त्यांचं रोजचं काम आहे ते."

"माझी मी जोडणार," मी मोठ्यानं म्हणालो.

यात अहंकाराचा भाग नव्हता, तत्त्वाचा होता. मी विमा कार्यालयात आहे. दुसऱ्यावर विसंबलेल्या माणसांचे दावे रोज माझ्या टेबलावर येतात. घरचा फ्यूज मी स्वतः बांधतो. एकदा त्यात बाजूच्या तीन घरांचे दिवे गेले, पण फ्यूज माझा पक्का होता. स्कूटरचा प्लग मी स्वतः साफ करतो. मग ज्या हवेवर आपला जीव आहे, ती कोणा अनोळखी माणसाच्या हातून का जोडून घ्यावी? हा मुद्दा मी कमांडरला समजावून सांगितला. त्याला तो इतका पटला असावा, की मी सराव घरी करायचं म्हटल्यावर त्यानं एक जुनी रिकामी टाकी, जाकीट, मुखवटा आणि नळ्या मला देऊन टाकल्या आणि "जाव" म्हणाला.

टाकी आम्ही स्कूटरवरून आणली. मागच्या सीटवर उषा आणि तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली टाकी. चादरीमुळे ती कोणाला दिसणार नाही असा माझा अंदाज होता. पण चादरीत गुंडाळलेला सिलिंडर हा चादरीत गुंडाळलेल्या सिलिंडरसारखाच दिसतो. आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा एकनाथराव फाटकात उभे होते. एकनाथराव रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले आमचे समोरचे शेजारी. दुसऱ्या गॅस सिलिंडरसाठी त्यांनी नाव नोंदवलं तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती. आता ती कॉलेजात होती आणि सिलिंडर अजून यायचाच होता.

"आतून मिळाला का हो?" त्यांनी विचारलं.

"हवेचा आहे," मी म्हणालो.

"हो, हो. आम्हीही कोणाला विचारलं तर असंच सांगू," ते म्हणाले आणि फाटक बंद करून घेतलं.

पाठोपाठ हिंमतराव आले. हिंमतराव मूळचे निजामाच्या काळात इकडे आलेल्या शेतकरी घराण्यातले. आता एका गॅस एजन्सीचं गोदाम सांभाळतात, त्यामुळे सिलिंडर दिसला की त्यांच्या अंगात येतं. त्यांनी टाकी वाजवून पाहिली, वास घेतला, आमच्याच साबणाचा फेस करून तिच्या तोंडाला लावला आणि बुडबुडे येतात का ते बघत बसले.

"हिंमतराव, रिकामी आहे ती."

"रिकाम्यालाच जास्त जपावं लागते, उदयराव. भरेल असला तर माणूस सावध राहाते," ते म्हणाले. "आन् हे बघा, वापर नसला की कॉक बंद. गोदामात माझा एकच कायदा हाय. उघडा कॉक दिसला की मी आधी बंद करतो आन् मंग इचारतो की कोनाचा."

हे त्यांनी नुसतं सांगितलं नाही, पाळलंही. मी सरावासाठी कॉक उघडून आत पाणी प्यायला गेलो, की येईपर्यंत तो बंद झालेला असायचा आणि हिंमतराव व्हरांड्यात पेपर वाचत असायचे. जाता जाता ते आमच्या स्वयंपाकघरातला गॅसही बंद करून जात. एकदा त्यावर वरण शिजत होतं.

वरच्या मजल्यावरून आमच्या घरमालकीण सत्यवतीअम्मा हळदकुंकू घेऊन उतरल्या. घरात नवा सिलिंडर आला की त्याला कुंकू लावायचं, हा त्यांचा नेम. मी विरोध केला नाही. टाकीला कुंकू लागलं, गळ्याशी झेंडूची माळ बसली. अम्मांचं मराठी आमच्या शेजारात राहून शिकलेलं होतं आणि त्या भाषेबद्दल त्यांची एक जुनी तक्रार होती.

"आता पंखा लावा," उषा त्यांना बसायला सांगत मला म्हणाली.

"हे बघा, पुन्हा तेच," अम्मा म्हणाल्या. "दार लाव म्हणलं की बंद करायचं. पंखा लाव म्हणलं की चालू करायचं. मंग माणसानं काय समजायचं?"

"अम्मा, मराठी माणसाची यात कधीही चूक होत नाही," मी म्हणालो. "संदर्भावरून आपोआप कळतं." ही गोष्ट मी त्यांना याआधीही अनेकदा समजावली होती. त्यांनी मान हलवली आणि पंखा स्वतःच चालू केला.

चारच दिवसांत पुरवठा खात्याचे एक साहेब दारात उभे राहिले. कोणीतरी कळवलं होतं, की या घरात बेकायदा सिलिंडर आहे. कोणी कळवलं असेल याचा विचार मी करत बसलो नाही. समोरच्या खिडकीचा पडदा हलत होता तेवढं पाहिलं.

"कायका सिलिंडर है ये?" साहेबांनी विचारलं.

"हवा का."

"कौनसी गॅस?"

"गॅस नै साब. खाली हवा."

"खाली है?"

"हवा थी. अब खाली है."

"मतलब पहले भरेला था," साहेब म्हणाले. त्यांना आता धागा सापडला होता. "इसपे पकाते क्या?"

"पकाते नहीं. पीठ पे बांध के पानी में जाते. समंदर में. लक्षद्वीप."

"समंदर लक्षद्वीप में है," साहेब सावकाश म्हणाले, "तो सिलिंडर काचीगुडा में कायको है?"

या प्रश्नाला शब्दांत उत्तर देणं अवघड होतं, म्हणून मी प्रात्यक्षिक दिलं. टाकी जाकिटाला बांधली, नळ्या जोडल्या, कॉक उघडला, सगळं पाठीवर चढवलं, मुखवटा लावला आणि नळी तोंडात धरून बैठकीच्या मध्यभागी उभा राहिलो. टाकीवर झेंडूची माळ तशीच होती. मुखवट्यानं नाक बंद आणि टाकीत हवा नाही, त्यामुळे थोड्याच वेळात मला नळी काढून मोठ्यानं श्वास घ्यावा लागला. साहेबांनी उषाकडे पाहिलं.

"कब से है इनको?"

"आत्ता आत्ता सुरू झालंय," उषा म्हणाली. बायकोनं अशा वेळी नवऱ्याच्या बाजूनं बोलावं, अशी माझी अपेक्षा होती.

साहेब चहा पिऊन उठले. हवा आपल्या खात्यात येत नाही, असा त्यांनी निर्णय दिला. ते हसत बाहेर पडलेले एकनाथरावांनी पाहिलं, आणि मी त्यांचे हात ओले केले अशी बातमी नल्लकुंट्यापर्यंत गेली. ऑफिसात दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की एखादा सिलिंडर मिळेल का. इतका अपमान सहन करूनही मी सराव सोडला नाही. डोळे मिटून टाकी जोडण्यापर्यंत माझी मजल गेली.

उषा मात्र मला अधूनमधून म्हणायची, "जोडा तुम्ही, पण मला एकदा बघू द्या ना. सर म्हणाले होते, जोडीदारानं तपासायचं."

"परीक्षेला बघू," मी म्हणायचो. माझी जोडणी दुसऱ्यानं तपासणं म्हणजे माझ्या हातावर अविश्वास दाखवणं, हे मला तिला दुखावायचं नव्हतं म्हणून मी उघड बोलत नव्हतो.

परीक्षेच्या रविवारी अख्खी गल्ली निघाली. हिंमतरावांनी एजन्सीचा टेंपो आणला. हॉटेलच्या पहारेकऱ्यानं गॅसचा टेंपो पाहून तो सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठवला. त्यामुळे माझा समारंभपूर्वक प्रवेश कांदे सोलणाऱ्या माणसांच्या रांगेतून झाला. एकनाथराव मागून म्हणत होते, "बघा, इथंही यांची आतून सोय आहे."

तलावाच्या काठावर मी हवा भरलेली टाकी माझी मी जोडली. स्टाफचा एक माणूस हात पुढे करून आला, त्याला मी नम्रपणे दूर केलं. पट्टा आवळला, नळ्या बसवल्या, कॉक पूर्ण उघडला, हवेच्या दाबाचा काटा पाहिला. काटा जिथं असायला हवा तिथं होता. जोडणीत एक दोष दाखवावा, असं माझं आजही आव्हान आहे. मग टाकी भिंतीशी उभी ठेवून मी कपडे बदलायला गेलो.

परत आलो तर काठावर गडबड उडाली होती. सत्यवतीअम्मांना तलावाच्या पायरीवर नारळ फोडायचा होता आणि हॉटेलचा मॅनेजर फरशी फुटेल म्हणून हात जोडत होता. शिवाय आमच्या मंडळींनी पुरीभाजीचे डबे उघडले होते आणि बाहेरचं खाणं तिथं चालत नव्हतं. मॅनेजरनं कमांडरला मध्ये ओढलं. कमांडर तेलुगूत अम्मांना समजावत होता आणि अम्मा त्याच्या हातात पुरी देत होत्या.

मी टाकी पाठीवर चढवली. उषाची टाकी स्टाफनं जोडून दिली होती, ती तयारच होती.

"वळा, मी बघते," ती म्हणाली.

"काही गरज नाही. जोडणी माझी, जबाबदारी माझी," मी म्हणालो. शेजारी गल्ली उभी होती, म्हणून जरा खणखणीत म्हणालो.

आता खरं सांगायचं तर एक शंका मनात आली होती. तो कॉक मानेच्या मागे येतो, पाठीवर घेतल्यावर आपला आपल्याला दिसत नाही. मी काटा पुन्हा पाहिला, तो होता तिथंच होता. तरी कोणाला तरी विचारावं असं वाटलं. उषाला विचारायची सोय मीच ठेवली नव्हती. मागे हिंमतराव उभे होते. मी मान न वळवता सहज विचारलं. याला मदत म्हणता येणार नाही, ही चौकशी होती.

"हिंमतराव, मागचं लावलंय ना?"

"लावलंय, लावलंय," हिंमतराव म्हणाले. "चांगलं घट्ट लावलंय."

मी समाधानानं पाण्यात उडी मारली.

पहिला श्वास उत्तम आला. दुसराही आला. तिसरा अर्धाच आला, सरबताच्या तळाशी पोचलेल्या नळीसारखा. चौथा आलाच नाही. तोवर कमरेला बांधलेल्या शिशाच्या वजनांनी मला खोल बाजूच्या तळावर बसवलं होतं. जाकीट फुगवायचं बटण मी दाबलं, पण जाकिटालाही हवा त्याच टाकीतली लागते. त्या क्षणी मला विम्याचे सगळे दावे एकदम आठवले. मी घाबरलो होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. समोर उषा तरंगत होती. मी गळ्यावरून आडवा हात फिरवून हवा संपल्याची खूण केली.

ती माझ्याकडे एकदा बघून सरळ माझ्या मागे आली. रोज सकाळी गॅस उघडते त्याच हातानं तिनं माझ्या मानेमागे काहीतरी फिरवलं. सूं करून हवा आली; काटा इतका वेळ नळ्यांत अडकून राहिलेली हवाच दाखवत होता. मी ती प्यालो असंच म्हणायला हवं.

वर आलो तर कमांडर काठावर उभा होता. पुरी अजून हातात होती.

"हवा किसने बंद करी?"

"मी लावलं साब," हिंमतराव छाती पुढे काढून म्हणाले. "उघडा कॉक व्हता. जवळ कोनी नाही. मी लगेच लावलं."

"अहो, मी विचारलं ना तुम्हाला, लावलंय का म्हणून?"

"मंग? मी सांगितलं ना, लावलंय म्हणून."

"मी चालू आहे का विचारत होतो!"

"लावलं म्हंजी चालू कसं व्हईल? दार लावलं म्हंजी उघडं ऱ्हाते का? हौले झाले का उदयराव, येड लागलं का?"

"पंखा लावला म्हणजे?" मी म्हणालो.

यावर गल्लीत दोन तट पडले. एकनाथराव पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलले, पण रेडिओचं उदाहरण देऊन नंतर कुलपाकडे वळले आणि हिंमतरावांना जाऊन मिळाले. नारळ हातात धरून सत्यवतीअम्मा माझ्याकडे नुसत्या बघत होत्या. त्यापेक्षा त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कमांडरनं हात वर केला. "मराठी मेरे को नहीं मालूम. एकच बात बोलो. पार्टनर ने चेक करा क्या?"

मी कमरेचा वजनांचा पट्टा सोडायला लागलो.

"मॅडम ने जान बचाई, मॅडम एकदम फस्ट क्लास. लेकिन जो आदमी चेक नहीं कराता, उसको मैं समंदर में नहीं ले जाता. और जोडी तो जोडी है."

पाण्याबाहेर येऊन उषानं टॉवेल घेतला आणि केस पुसायला लागली. त्या मुलीनं प्रश्न विचारला त्या दिवशी जेवताना ती अशीच गप्प होती. मला फार वाईट वाटलं. माझ्या फ्यूजनं आजवर दुसऱ्यांचे दिवे गेले होते, आता हिचाही घालवला होता.

"कमांडरसाब," मी म्हणालो, "इनको दूसरा पार्टनर दे दो. मैं किनारे पे बैठता."

"मला दुसरा नको," उषा टॉवेलातून म्हणाली. "यांनाच तपासते मी. एकदा उभं तर राहू देत."

कमांडरनं पुरी संपवली, मिश्या पुसल्या आणि बोटानं टाकीकडे दाखवलं. "फिर से. पूरा."

मी सगळं सोडलं आणि पुन्हा जोडलं. मग अख्ख्या गल्लीसमोर, कांदे सोलणारेही एव्हाना येऊन उभे होते, मी उषाकडे पाठ करून उभा राहिलो.

"उषा, जरा बघ गं," मी म्हणालो. लग्नानंतर हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं असावं, कारण ती क्षणभर हललीच नाही. मग तिनं सावकाश तपासायला घेतलं. नळ्या ओढून पाहिल्या. काटा बघत श्वास घ्यायला लावला. नववीच्या वह्या तपासते तशी ती एकही रेघ सोडत नव्हती. शेवटी तिनं टाकी धरून वर उचलली, तर टाकी पट्ट्यातून सरकून तिच्या हातात आली.

"पट्टा सैल आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि आवळला. मग माझी कॉलर सरळ केली, जी पाण्यात जाणार होती. "कॉक उघडा आहे. चला."

आम्ही पास झालो. अम्मांना अखेर स्वयंपाकघरामागच्या दगडावर नारळ फोडू दिला.

तेव्हापासून आमच्या घरात लावणे हे क्रियापद बंद आहे. दार बंद करतात, पंखा चालू करतात. तुमचं मराठी आता सुधारलं, असं सत्यवतीअम्मा म्हणतात. आणि मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. जोडणी माणसानं स्वतः करावी, तपासणी बायकोनं करावी. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो, फक्त पूर्ण वाक्य कोणी ऐकून घेतलं नाही.

डिसेंबरात लक्षद्वीपला नावेवर एका माणसानं माझ्या टाकीला हात घातला. "छोडो साब, मैं करता." मी त्याला नम्रपणे दूर केलं, टाकी जोडली आणि काही न बोलता उषाकडे पाठ केली. तिनं पाहिलं, म्हणाली, "उघडा आहे." मग ती वळली आणि मी तिची तपासली. नळ्या, काटा, पट्टा, मुखवटा, सगळं.

खाली आम्ही बराच वेळ होतो. उषा एका प्रवाळासमोर थांबली ती हलेचना. हात न लावता नुसती बोटानं हवेत, म्हणजे पाण्यात, त्याची रेघ काढत होती.

वर आल्यावर नावेचा काठ धरून ती म्हणाली, "गुलाबी नाहीये हो. बरंचसं तपकिरी आहे. मी इतकी वर्षं चुकीचा खडू वापरतेय." आणि मुखवटा कपाळावर सरकवून डोळे पुसायला लागली. मी बघतोय असं दिसल्यावर म्हणाली, "आत पाणी गेलं. मुखवटा गळतोय."

मी बरं म्हणालो. तो मुखवटा उतरण्याआधी मीच तपासला होता. तो कुठंही गळत नव्हता.